सक्तीच्या राष्ट्रसेवेचा ठराव गावाने करावा का?

पाखाडी (गुहागर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका किनारी गावात राहतो आणि माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षे शिकवून आता निवृत्त झालो आहे. यंदा शिमग्यात पालखी सहाणेवर बसल्यानंतर गावकीची जी बैठक झाली, तीत गावाच्या मुंबई मंडळाच्या ज्येष्ठांनी एक ठराव मांडला. बारावी झालेल्या प्रत्येक मुलाला एक वर्षाची राष्ट्रसेवा, शक्यतो सैनिकी प्रशिक्षणासह, कायद्याने सक्तीची करावी आणि तशी मागणी गावाने सरकारकडे करावी, असा त्याचा आशय आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गणपतीत सगळे चाकरमानी आले की त्यावर सह्या घ्यायच्या आहेत.

ज्येष्ठांची तळमळ मला मान्य आहे. बारावीनंतरची मुले पारावर बसून तासन् तास मोबाइल पाहतात आणि मग कोणाच्या तरी ओळखीने मुंबईला किंवा लोट्याच्या एखाद्या कारखान्यात जातात. गावाशी त्यांचा संबंध सणापुरता उरतो. एक वर्ष शिस्तीत गेले, देशाच्या निरनिराळ्या भागांतील मुलांबरोबर राहणे झाले, तर त्यांचे भलेच होईल असे मलाही वाटते.

तरीही मसुदा लिहायला बसलो की लेखणी अडते, आणि त्याचे कारण शेजारच्या वाडीतील एक मुलगा आहे. तो स्वतःहून अग्निवीर भरतीची तयारी करतो आहे आणि रोज पहाटे पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, धावतो. वडील नाहीत, आई काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते. परवा तिने मला विचारले, “गुरुजी, चार वर्षांनी ह्येका घरी पाठवतील, मग काय?” या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. जो स्वेच्छेने जायला निघाला आहे त्याच्याच पुढच्या वाटेविषयी मी काही सांगू शकत नसेन, तर सर्वांवर सक्ती करा असे मी कोणत्या तोंडाने लिहावे? सैन्यात काम केलेल्यांनी, विद्यार्थ्यांबरोबर सेवेचे काम केलेल्यांनी आणि कायदा जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आणि त्या माउलीला काय सांगू, तेही सांगावे.

निवृत्त सुभेदार (माणगाव) यांचे उत्तर

गुरुजी, नमस्कार. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सव्वीस वर्षे सेवा करून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. माझे मत आधीच सांगून टाकतो. सैन्यापुरता विचार केला तर या ठरावावर मी सही करणार नाही.

आमच्या माणगावात नायक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचा हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होता. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधील बाकीचे सर्व जण पडले. तेव्हा तो एकटा त्या मोर्चावर चालून गेला, मोर्चा घेतला आणि तिथेच गोळी लागून पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि ते सगळे भरती होऊन आलेले होते, ब्रिटनसारखी सक्तीची भरती इकडे नव्हती. अनेक जण पगारासाठी गेले हे मी नाकारत नाही. आमच्या भागात भाताच्या चार गुंठ्यांवर घर चालत नसे, म्हणून आजोबांच्या पिढीने फौजेची वाट धरली. पण गरजेपोटी का होईना, पाऊल त्यांनी स्वतः टाकले होते. ती परंपरा पुढे चालू राहिली आणि आजही आपले सैन्य संपूर्णपणे स्वेच्छेने आलेल्यांचे आहे.

बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये मी काही काळ प्रशिक्षक होतो. एका मुलाला त्याच्या वडिलांनी दटावून पाठवले होते. धावण्यात तो सर्वांच्या पुढे असे, अंगाने धडधाकट होता, पण फायरिंग रेंजवर रायफल हातात आली की त्याचा श्वास अडकायचा आणि डोळे मिटायचे. त्याला आम्ही खूप सांभाळून घेतले, पण एका प्रशिक्षकाचा निम्मा वेळ त्याच्यातच जाऊ लागला आणि उरलेली मुले मागे राहू लागली. शेवटी तो घरी गेला, आणि जाताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरलो नाही. दहाजणांच्या सेक्शनमध्ये असा एक मुलगा असला तर रात्रीच्या गस्तीत बाकीचे नऊजण धोक्यात येतात. मुलांना वळण लावायचे म्हणून सैन्याकडे पाठवा असे जे म्हणतात, त्यांना मी हे हात जोडून सांगतो. सैन्याचे काम वेगळे आहे.

आता हिशेबाचे बोलतो. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलेमुली अठरा वर्षांची होतात आणि तिन्ही सैन्यदले मिळून माणसे आहेत सुमारे १४ लाख. म्हणजे एका जवानाने चौदा-पंधरा नवख्यांना शिकवायचे, आणि सीमा कोणी सांभाळायची? प्रत्येकाला महिना दहा हजार रुपये धरले तरी दोन कोटींचे वर्षाचे २ लाख ४० हजार कोटी होतात, तेही जेवण, कपडे, बराकी धरल्याशिवाय. २०२५-२६ चे संपूर्ण संरक्षण अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचे होते.

त्या माउलीला मात्र खरे काय ते सांगा. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे अग्निवीराची सेवा प्रशिक्षणासह चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले असतात आणि त्यातले २१,००० हाती येतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हाती येतात. जी ३० टक्के रक्कम कापली जाते तितकीच सरकार घालते आणि चार वर्षांनंतर सेवानिधी म्हणून व्याज सोडून १० लाख ४ हजार रुपये मिळतात. त्यावर आयकर नाही. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. पेन्शन व ग्रॅच्युइटी नाही, हे तिला स्पष्ट सांगा. जास्तीत जास्त २५ टक्के मुले पुढील पंधरा वर्षांसाठी ठेवली जातात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी १० टक्के आरक्षण २०२२ मध्येच जाहीर झाले आहे. २०२२ च्या अखेरीस रुजू झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात, त्यामुळे या मुलांचे पुढे काय होते ते आता दिसू लागेल.

आणखी एक वाट त्याला दाखवा. बारावीला गणित व भौतिकशास्त्र असेल तर तटरक्षक दलात नाविक म्हणून अर्ज करता येतो. अग्निपथ योजना भूदल, नौदल व वायुदलासाठी आहे, तटरक्षक दलाची भरती तिच्याबाहेर राहिली आहे. समुद्राकाठच्या मुलाने दोन्ही अर्ज भरावेत.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) यांचे उत्तर

सर, मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून अकरा वर्षे काम केले. सुभेदारसाहेबांचे सैन्याविषयीचे म्हणणे मला पटते. तरुण समाजाचे काही देणे लागतात ही तुमच्या ज्येष्ठांची भावना मात्र मी हलकी मानत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सक्तीचा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन गेला आहे. राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी, १९४८ च्या कायद्याने सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. १९६२ च्या चीन युद्धानंतर देश हादरलेला होता आणि १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना ती सक्तीची झाली. माझे थोरले बंधू त्याच काळात शिकत होते. ते सांगत की मुले शंभर आणि रायफली पंधरा, त्यामुळे बहुतेकांचा वेळ रांगेत उभे राहण्यात जाई, आणि हजेरी लागली की वही मिटली जाई. ज्यांना खरोखर आवड होती त्यांचेही शिकणे त्या गर्दीत खुंटले, याचे त्यांना अखेरपर्यंत वाईट वाटे. १९६८ मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली आणि पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तुमच्या ठरावाच्या मसुद्यात या पाच वर्षांचा उल्लेख अवश्य यावा.

आता चिपळूणचे सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढले. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, तुकड्यांना पुण्याहून येईपर्यंत वेळ लागला, आणि मधल्या तासांत माणसे वाचवली ती शेजाऱ्यांनी, होड्या असणाऱ्यांनी आणि ज्यांना पाण्याची भीती वाटत नव्हती अशा पोरांनी. पाणी ओसरल्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना साद घातली. साठ मुले येतील असे वाटले होते, पण दीडशेच्या वर आली आणि त्यांतली कितीतरी योजनेत नाव नसलेली होती. कोणीही त्यांच्यावर सक्ती केली नव्हती.

पण त्या दिवशी माझी मान खाली गेली ती वेगळ्या कारणाने. आमच्याकडे फावडी चौदा होती, गमबूट एकही नव्हता. दुकानांत गुडघाभर चिखल, त्यात फुटलेल्या बाटल्या, पत्रे, औषधांच्या पेट्या, कुजलेले धान्य, आणि मुले पायांत रबरी चपला घालून त्यात उतरली. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या तळपायात काचेचा तुकडा घुसला. ती ओरडली नाही. पाय वर काढला, ओढणीने बांधला आणि घमेले पुढे सरकवले. संध्याकाळी मी तिला टाके घालायला घेऊन गेले तेव्हा मला कळले की या मुलांचा त्या कामापुरता विमाही कोणी उतरवलेला नाही. पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची गोळी कोणी, कधी घ्यायची हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजले. योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. त्या तासांत आम्ही रस्ते झाडले, झाडे लावली, पथनाट्ये केली. पुराच्या गावात राहून पुरात काय करायचे ते मात्र शिकवले नाही. ही माझी चूक आहे आणि मी ती मनापासून मान्य करते.

म्हणून माझे म्हणणे असे की मुले येत नाहीत ही आपली अडचणच नाही. आलेल्या मुलाला काय शिकवायचे, त्याच्या हाती काय द्यायचे आणि त्याला इजा झाली तर कोण पाहणार, हे ठरलेले नसते. ठराव या गोष्टींसाठी व्हावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ नावाची योजना २०१६ पासून आहे. तीत बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा या तिन्हींची तरतूद आहे. पुढे तिचा विस्तार ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत करायचे ठरले. गावाने जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आपल्या मुलामुलींची नावे द्यावीत आणि प्रशिक्षणाची मागणी करावी.

बंदरकर (हर्णै) यांचे उत्तर

मॅडम, तुमचे वाचून मला आमच्या सागर सुरक्षा दलाची आठवण झाली. मी बी.कॉम. आहे आणि वडिलांच्या मागे होडीवर तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणून जातो.

किनाऱ्यावर लक्ष ठेवण्याचे काम कोकणात कोणी नव्याने शिकवायला नको. १९९३ मध्ये रायगडात शेखाडी आणि दिघी येथे स्फोटके उतरवली गेली आणि २००८ मध्ये ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका पळवून हल्लेखोर मुंबईला पोहोचले. या दोन्ही वेळी किनारा उघडा पडला. त्यानंतर गावोगावच्या मच्छीमार तरुणांची पथके उभी राहिली. अंधारात इंजिनाच्या आवाजावरून आमच्या बंदरातली होडी कुठली आणि परकी कुठली, हे माझ्या आजोबांना कळत असे आणि मलाही बऱ्याच अंशी कळते. हे ज्ञान कोणत्याही बराकीत एका वर्षात देता येणार नाही.

दल स्थापन झाले तेव्हा आम्हाला ओळखपत्र, शिटी आणि विजेरी मिळाली. आम्ही पंधराजण रात्री आळीपाळीने जेटीवर बसू लागलो. रात्रभर जागायचे आणि पहाटे चारला होडी काढायची, हे किती दिवस चालणार? मानधन नव्हते. विजेरी पहिल्याच पावसाळ्यात खाऱ्या हवेने गेली, ती बदलून मागितली तर संबंधित कार्यालयाने तीनदा अर्ज लिहून घेतला आणि विजेरी काही आली नाही. आज आम्ही पाचजण उरलो आहोत. जे गेले त्यांचे देशप्रेम कमी झाले असे कृपया कोणी म्हणू नये. त्यांतल्या दोघांना लहान मुले आहेत.

सक्तीच्या वर्षाबद्दल एवढेच विचारतो, की ज्या घरात एकच कमावता हात आहे त्या घराने ते वर्ष कसे काढायचे? आमच्याकडे मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षीच खलाशी म्हणून बापाबरोबर जाऊ लागतो. बागायतदाराच्या घरी मार्च ते मे आंब्याची घाई असते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आपला मुलगा परदेशी शिकायला पाठवतील किंवा डॉक्टरचा दाखला आणतील आणि वर्ष भरेल ते आमचे.

प्रशिक्षणच द्यायचे असेल तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात द्या. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणण्याखेरीज काम नसते आणि पूर, दरडी, वादळे याच दिवसांत येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्याकडे हात रिकामे होते, करवती नव्हत्या. रस्त्यांवर पडलेली झाडे कोयतीने तोडून वाट मोकळी करायला दिवस गेले.

सावंतवाडीची लेक (सिंगापूर) यांचे उत्तर

मी मूळची सावंतवाडीची आणि लग्नानंतर सिंगापूरला आले. इथे कायमस्वरूपी रहिवासी झालेल्यांच्या मुलांनाही राष्ट्रीय सेवा करावी लागते, त्यामुळे आईच्या बाजूने ही गोष्ट मी पाहिली आहे. इथला कायदा १९६७ चा आहे. देश दोन वर्षांपूर्वीच स्वतंत्र झाला होता, लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती आणि स्वतःचे सैन्य जवळजवळ नव्हते. स्वेच्छेने येणाऱ्यांवर भागणार नाही हे उघड होते.

पहिल्या दिवशी आईवडिलांना मुलासोबत फेरीबोटीने टेकोंग बेटावर नेतात, त्याची खाट दाखवतात आणि भोजनगृहात त्याच्याबरोबर जेवू घालतात. माझ्या समोर ताट होते आणि मला घास उतरत नव्हता. शेजारच्या टेबलावर एक मोठा उद्योजक दिसणारा गृहस्थ आणि पलीकडे टॅक्सी चालवणारे एक चिनी काका आपापल्या मुलांबरोबर तेच जेवण जेवत होते. बाहेर पडताना मुलगा वळून हसला, आणि परतीच्या बोटीत आम्ही दोघे काहीही बोललो नाही. दोन वर्षांत तो बदलला, हे खरे. स्वतःचे कपडे इस्त्री करू लागला, मलय आणि चिनी मित्र जोडले, बोलणे नेमके झाले. पण त्याच्या वर्गातील मुली दोन वर्षे पुढे निघून गेल्या, कारण मुलींना सक्ती नाही, आणि पुढेही वर्षानुवर्षे त्याला राखीव सेवेसाठी बोलावणे येते.

इथे हे चालते, कारण पळवाट फार थोडी आहे आणि प्रत्येक मुलासाठी खाट, गणवेश, डॉक्टर व काम आधीपासून तयार असते. बंदरकर दादांनी विचारलेला प्रश्न इथेही लोक विचारतात, पण निदान त्या टेबलावर सगळे एकत्र बसलेले असतात. भारतात तसे होईल याची खात्री मला देता येत नाही, आणि म्हणून मी तुमच्या गावात असते तर सही केली नसती.

वकील (रत्नागिरी, मूळ कॅम्प दापोली) यांचे उत्तर

कायद्याची बाजू मी थोडक्यात मांडतो. संविधानाच्या कलम २३ ने वेठ आणि बिगार यांना बंदी घातली आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, अशी तरतूद आहे. त्यामुळे सक्ती घटनाबाह्य आहे असे म्हणता येत नाही. लिंगाचा उल्लेख या यादीत नाही, आणि तुमच्या ठरावात फक्त ‘मुलाला’ असे लिहिले आहे, हे मुद्दाम निदर्शनास आणतो. नॉर्वेने २०१५ पासून मुलींनाही या कर्तव्यात घेतले आहे, पण तिथेही गरजेपुरतेच तरुण निवडले जातात. मोबदल्याचा मुद्दाही साधा नाही. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हेही कलम २३ खालील सक्तीचे श्रम ठरवले. सार्वजनिक सेवेला अपवाद असला तरी फुकटात किंवा नाममात्र पैशांत वर्षभर राबवण्याचा कायदा झाला तर हा निकाल पुढे येणारच.

संरक्षण हा संघ सूचीतील विषय आहे, म्हणून ठराव आमदारांकडे नेऊन उपयोग नाही. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने राजपत्रित सरकारी नोकरीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी पाच वर्षांची सैनिकी सेवा सक्तीची करण्याची शिफारस केली होती. तिचाही कायदा झाला नाही. दुसरीकडे जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित केली तेव्हा शस्त्र नाकारणारे जे हजारो तरुण रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत काम करत असत त्यांचे हात एकदम गेले, आणि त्यांच्या जागी ऐच्छिक सेवेची योजना त्याच वर्षी उभी करावी लागली. सक्तीच्या स्वस्त हातांची संस्थांना सवय लागते.

दापोलीकर म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या गावाला आजही कॅम्प दापोली म्हणतात, कारण इथे ब्रिटिशांची लष्करी छावणी होती आणि पेन्शनीत निघालेले अनेक सैनिक इथेच स्थायिक झाले. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी ती पुन्हा खुली व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पूर्वजांनी केलेल्या सेवेचे दाखले देऊन, आम्हाला देशाची सेवा करू द्या असे त्या माणसाला मागावे लागले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. आपल्या जिल्ह्यात सेवेची इच्छा कधीच कमी नव्हती, दरवाजे बंद होते. गावाने काही मागायचेच असेल तर दरवाजे उघडे ठेवण्याचे मागावे.

पाखाडी (गुहागर तालुका)

सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. तीन दिवस हे सगळे पुन्हा पुन्हा वाचले आणि मुंबई मंडळाच्या अध्यक्षांना दूरध्वनी केला. सक्तीचा मसुदा मी लिहिणार नाही हे त्यांना सांगितले तेव्हा ते दुखावले. नंतर मी त्यांना चिपळूणच्या त्या मुलीच्या पायाची हकीकत वाचून दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गमबूट आणि दोर मंडळ देईल, किती लागतील ते कळवा.”

नवा ठराव असा लिहितो आहे: गावातील अठरा वर्षांवरील मुलामुलींना आपदा मित्र प्रशिक्षण मिळावे आणि ते मासेमारी बंदीच्या काळात व्हावे, सागर सुरक्षा दलात जागणाऱ्यांना रात्रीचा भत्ता व विमा मिळावा, आणि चार वर्षे सैन्यात काढून परतणाऱ्याला जिल्ह्यातील बंदर, पोलीस व आपत्ती विभागांच्या नोकऱ्यांत प्राधान्य असावे. वकीलसाहेबांनी भाषा तपासून द्यावी ही विनंती. राज्य आणि केंद्र यांच्या अखत्यारीची सरमिसळ माझ्याकडून होईल अशी भीती वाटते.

त्या मुलाच्या आईला काल घरी जाऊन सगळे आकडे कागदावर लिहून दिले, पेन्शन नाही हेही सांगितले. तिने कागद दोनदा वाचला आणि डब्यात ठेवला. नाविक पदाचा अर्जही मुलगा भरणार आहे. त्याला बारावीला गणित होते.

सुभेदारसाहेब, एक विचारायचे राहिले. तो पुळणीवर धावतो ते पुरेसे आहे का?

निवृत्त सुभेदार (माणगाव)

गुरुजी, पुरेसे नाही. आता आधी संगणकावरची लेखी परीक्षा होते आणि मग मैदान, त्यामुळे संध्याकाळचे दोन तास अभ्यासाला ठेवायला सांगा. मैदानात १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत आले तर पूर्ण ६० गुण मिळतात आणि दहा पुलअप्सचे ४०. मऊ वाळूत पायाची ताकद वाढते पण वेग कळत नाही, आणि घोटा मुरगळण्याचे भय असते. ओहोटी लागल्यावर पाण्याजवळची जी ओली, घट्ट पट्टी उघडी पडते तिच्यावर धावावे आणि आठवड्यातून दोनदा तरी पक्क्या मैदानावर वेळ लावून पाहावी.

महिन्यातून दोन रविवार मी स्वतः येईन. खर्चाची काळजी नको, एस.टी.ने येतो. फक्त त्या मुलाला एकट्याला बोलावू नका, गावातल्या मुलींनाही कळवा, नौदलात त्याही अग्निवीर म्हणून जात आहेत. येत्या रविवारी तुमच्याकडे सकाळची ओहोटी किती वाजता आहे ते बंदरकरांना विचारून कळवा, म्हणजे त्याप्रमाणे आदल्या संध्याकाळची गाडी धरतो.